शिशाच्या गोळ्या ओतायच्यात, कोणतं शिसं घ्यावं?

पैठणचा_पोर
राम राम मंडळी. आमचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या फुगवट्यावर. आज्याचं एक फेकजाळं घरात आहे. दहा फुटी, सगळं हातानं विणलेलं. आज्याला जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून ते आढ्याला टांगलेलं होतं. यंदा खाली काढलं तर जाळी धड आहे, पण कडेची दोरी कुजलीय आणि शिशाच्या गोळ्या निम्म्याहून जास्त गळून गेल्यात. मोजल्या तर ८५ उरल्यात.

तयार गोळ्या दुकानात मिळतात हे मला माहीत आहे. पण आज्या अंगणात बसून स्वतः ओतायचा, लोखंडी पळीत शिसं वितळवायचा, आणि मी लहानपणी लांब ओट्यावर बसून ते बघायचो. त्याचा साचाही सापडलाय, दोन फाकांचा, मधे तार घालायची जागा असलेला. म्हणून मलाही ओतूनच लावायच्यात.

सध्या माझ्याकडं तीन ढीग जमलेत:
एक, पंक्चरच्या दुकानातून आणलेली चाकं बॅलन्स करायची वजनं, साधारण सहा किलो.
दोन, भंगारवाल्याकडून घेतलेले जुन्या छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, नऊ किलो, एका लाकडी केससकट (घरं पाडलेल्या खणासकट).
तीन, जुन्या टेलिफोन केबलवरचं शिशाचं आवरण, तीन किलो.

ह्यातलं कोणतं घेऊ? का सगळं एकत्र करून ओतू? खिळ्यांचं शिसं लई कडक लागायलंय, हातोडी मारली की तुकडा पडतो. केबलचं नखानंही ओरखडतं. जाणकारांनी सांगावं.

चहाबाज
शीर्षक वाचून दचकलो होतो. म्हटलं आपल्याकडं कोण बंदुकीच्या गोळ्या ओतायलंय! आत आलो तर जाळं निघालं, जीव भांड्यात पडला.

वाळूज_भट्टी
मी वीस वर्षं ओतकामात आहे, त्यामुळं आधी चाकाच्या वजनांबद्दल सांगतो. ती सगळी शिशाची असतात असं समजू नकोस. त्यात लोखंडाची असतात, हल्ली जस्ताचीही असतात. लोखंडाची लोहचुंबकानं वेगळी कर. जस्ताच्या काहींवर इंग्रजीत झेड-एन कोरलेलं असतं. ज्यावर काहीच नाही ते फरशीवर टाकून बघ. शिसं बद्द वाजतं, जस्त खणकतं.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की जस्त शिशात मिसळलं की सगळा घाणा बिघडतो. रस लापशीसारखा घट्ट होतो, साचा भरत नाही, कडा गोल येतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ ला. आच बेताची असली तर नजरेतून सुटलेला जस्ताचा तुकडा वर तरंगतो, तो झाऱ्यानं काढता येतो. आच भडकली की मग काही हातात राहत नाही. म्हणून निवडणं आधी, पेटवणं नंतर.

तुझे खिळे कडक लागतात ते अँटिमनी नावाच्या धातूमुळं. छापखान्याच्या धातूत शिसं, अँटिमनी आणि कथील असतं. अँटिमनीनं कडकपणा येतो आणि थंड होताना धातू कमी आकसतो, म्हणून अक्षराची कड धारदार निघते. पण त्यानंच धातू ठिसूळ होतो. जाळ्याला ठिसूळ काय कामाचं?

मी_परभणीकर
चहाबाज दादा, तुमचा अंदाज अगदीच चुकला नाही. मी मूळचा परभणीचा, सध्या टेक्सासात राहतो, आणि इथं खरोखरच पिस्तुला-रिव्हॉल्वरच्या गोळ्या घरी ओततो. इथं कायद्यानं चालतं. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ आहे, परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तेव्हा तिकडं कोणी तो विचारही करू नये.

पण धातू निवडायचा प्रश्न दोन्हीकडं एकच आहे, म्हणून लिहितो. मी नवखा होतो तेव्हा मला वाटायचं की जितकं कडक तितकं चांगलं. महागाचा लायनोटाइप धातू (छापखान्यातल्या यंत्राचा) आणला, ज्यात शिसं ८४, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के असतं. ब्रिनेल मापानं त्याचा कडकपणा २२ च्या आसपास. शुद्ध शिशाचा ५. चकचकीत गोळ्या निघाल्या, बघत राहावं अशा. आणि माझ्या साध्या .३८ स्पेशलच्या नळीत शिशाचा थर बसला. घासून घासून हात दुखले.

कारण नंतर कळलं. त्या रिव्हॉल्वरचा दाब कमी. कडक गोळी त्या दाबानं पसरत नाही, नळीला घट्ट बसत नाही, मागचा गरम वायू बाजूनं निसटतो आणि गोळीचा पृष्ठभाग वितळवत नेतो. गोळी नळीच्या मापाला बरोबर बसली पाहिजे, हे पहिलं. कडकपणा त्यानंतर, आणि तोही दाबाला साजेसा. आता मी कमी दाबाच्या गोळ्यांना चाकाच्या वजनांचं शिसं आणि त्यात साधारण दोन टक्के कथील घालतो. कडकपणा बारापर्यंत येतो. जास्त वेगाला ९० टक्के शिसं, ५ अँटिमनी, ५ कथील. नुसतं शुद्ध शिसं जुन्या पद्धतीच्या तोंडातून भरायच्या बंदुकांना.

कथील घालतात ते रस साच्याच्या कोपऱ्यांत नीट पोचावा म्हणून. तुझ्या गोळीला कोपरेच नाहीत, तर कथलावर पैसे घालू नकोस.

पैठणच्या पोरा, तुझ्या गोळीला करायचंय काय? वेगानं बुडायचं, दोरीला धरून राहायचं, खडकावर आपटलं तर तुटायचं नाही. ह्या तिन्हीला मऊ शिसं बरं. केबलच्या आवरणात कधी कधी एक टक्क्याच्या आत अँटिमनी असतं, पण नख उमटतंय म्हणजे पुरेसं मऊ आहे. इथले लोक चित्रकलेच्या मऊ-कडक पेन्सिली घेऊन कोणती पेन्सिल धातूवर ओरखडते त्यावरून अंदाज बांधतात. तू नखानं तेच केलंस.

अंबड_गॅरेज
एवढ्या उचापती कशाला. जुनी बॅटरी फोडा, पाहिजे तेवढं शिसं निघतं. माझ्याकडं चार पडल्यात.

वाळूज_भट्टी
नाही भाऊ, हे करू नका, हात जोडून सांगतो. बॅटरीत गंधकाचं तेजाब असतं. पट्ट्यांवर बहुतेक शिशाची भुकटी आणि सल्फेट, घरच्या आचेवर त्यातून हाती फार थोडं लागतं आणि राख मात्र ढीगभर. त्या पट्ट्यांच्या धातूत आर्सेनिक, अँटिमनी, कॅल्शियम असतं. वितळवताना त्यावर येणाऱ्या मळीला ओल लागली तर आर्सिन वायू सुटू शकतो. तो वायू रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. घरात लेकरं असतील तर विचारच नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं जुनी बॅटरी गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडं द्यायची असते, विक्रेतेही परत घेतात, चार पैसेही मिळतात. तुमच्या चारही तशाच द्या.

अंबड_गॅरेज
बरं दादा. हे माहीत नव्हतं. उद्याच देऊन टाकतो.

बीडची_परिचारिका
हा धागा मी काळजीनं वाचतेय. शिशाला सुरक्षित पातळीच नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शोषलं जातं आणि मेंदूचं जे नुकसान होतं ते भरून येत नाही. तुम्ही लहानपणी ओट्यावर बसून बघायचात म्हणालात, तुमच्या लेकरांना मात्र बसवू नका. धुरातून किती जातं कुणास ठाऊक. आणि घरच्या चुलीवर तर मुळीच नाही.

वाळूज_भट्टी
ताई, तुमचं बरोबरच आहे, फक्त धुराबद्दल थोडं वेगळं सांगतो. शिसं नुसतं वितळेल एवढ्या आचेवर त्याची वाफ फार थोडी होते. खरा धोका वर साचणाऱ्या राखाडी मळीचा. ती भुकटी उडते, हाताला लागते, कपड्यांवरून घरात जाते. लोक नेमकी तीच परड्यात फेकतात आणि कोंबड्या तिथंच चरतात.

बीडची_परिचारिका
मग तर जास्तच सांगायला हवं. मळी झाकणाच्या डब्यात भरून भंगारात द्या. पळी आणि भांडं पुन्हा स्वयंपाकघरात येता कामा नये. कपडे वेगळे धुवा. हात साबणानं धुतल्याशिवाय बिडी, तंबाखू, पाणी काहीही नको. तंबाखू मळणाऱ्यांना हे दोनदा सांगते, कारण तळहातावरचं सगळं थेट तोंडात जातं.

भोईराज_गंगाखेड
आमचं चार पिढ्यांचं गोदावरीवर जाळं. पोरा, परभणीकर म्हणतो तसं मऊच घे. कडक गोळीच्या भोकाची कड धारदार राहते. नायलॉनचा दोरा तिथं रोज घासतो आणि हंगामात तुटतो. गोळ्या अशाच गळतात, दोरी कुजायच्या आधी.

आमच्याकडं साचाच नाही. शिसं ठोकून पट्टी करायची, बोटभर तुकडा कापायचा आणि दोरीवर गुंडाळून दाबायचा. त्याला तर शुद्ध मऊ शिसंच लागतं. अँटिमनीची पट्टी वाकवली की चिरते.

एक गोष्ट मात्र ताईंचं वाचून आतून हलली. माझा बाप, मी, माझा भाऊ, आम्ही सगळे ती पट्टी दातानं दाबायचो. हात जाळ्यात गुंतलेले असतात, मग दात. उन्हाळ्यात दिवसाला दोनशे-दोनशे. बापाचं पोट कायम दुखायचं, हात थरथरायचे. त्याला कुणी कधी विचारलं नाही की शिसं चावतोस का. आता पक्कड घेतलीय. घरातल्या सगळ्यांना दिली.

बीडची_परिचारिका
काका, पक्कड घेतलीत हे फार चांगलं केलंत. तुमची आणि भावाची रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. साध्या रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही, वेगळी सांगावी लागते. डॉक्टरांना 'ब्लड लेड' म्हणा आणि दातानं दाबायचो हे सांगा.

गोदापक्षी
दुसऱ्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात, बदकांचे थवे येतात. बदकं दाणा दळायला पोटात बारीक खडे गिळतात, आणि चिखलात पडलेली शिशाची गोळी त्यांना खडाच वाटते. पक्ष्याच्या पेषणीत ती झिजते आणि पक्षी विषबाधेनं मरतो. ब्रिटनमध्ये राजहंस असे मरायला लागले म्हणून १९८७ मध्ये गळाच्या लहान शिसवजनांवर बंदी आली. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत. लोखंडाचे नट लावता येणार नाहीत का? पूर्वी भाजक्या मातीची वजनंही जाळ्याला असायची.

भोईराज_गंगाखेड
लोखंड लावून बघितलंय. दोन महिन्यांत गंजतं आणि गंजानं दोरा खातं. शिवाय शिशाचं घनत्व ११.३, लोखंडाचं ७.९ च्या आसपास. तेवढ्याच वजनाला गोळी मोठी लागते, जाळं पाण्यात हळू जातं आणि मासा कडेखालून निसटतो. मातीची तर त्याहून हलकी. पण तुमचं म्हणणं खोटं नाही. गोळी पाण्यात गळू द्यायची नाही एवढं आमच्या हातात आहे. प्रत्येक गोळीच्या दोन्ही अंगांना गाठ मारायची. मग दोरी एके ठिकाणी तुटली तरी सगळी माळ ओघळत नाही.

जुनाखिळा
मी दोन दिवस हा धागा वाचतोय आणि गप्प होतो. आता राहवत नाही. पोरा, ते नऊ किलो खिळे वितळवू नकोस.

मी ३१ वर्षं जुळारी होतो, खिळे जुळवून मजकूर लावायचो. आधी अंबाजोगाईला, मग नांदेडला. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं, एक साप्ताहिक. लगीनसराईत रात्री दोन वाजेपर्यंत कंदिलाखाली उभं राहून जुळणी केली. एका हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीत लावायची पट्टी, दुसरा हात केसमध्ये. घरांकडं बघावं लागायचं नाही, बोटांना माहीत असायचं 'क' कुठं आणि 'म' कुठं. देवनागरीची केस म्हणजे काही इंग्रजीसारखी सव्वीस अक्षरांची गोष्ट नव्हे. जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या धरून शेकडो घरं. अखंड टाइप असला तर मात्रेसकट अक्षर एकाच खिळ्यावर, डिग्री असला तर मात्रा वेगळ्या लावायच्या. जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या ओतशाळेनं मुंबईत देवनागरीला जे रूप दिलं, त्यावर आमच्या सगळ्या छापखान्यांचं पोट चाललं.

ऑफसेट आला, संगणक आला, आणि आमचा छापखाना किलोवर गेला. ज्या दिवशी भंगारवाल्यानं केसेस पोत्यात उपड्या केल्या, त्या दिवशी मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तो आवाज अजून कानात आहे. तुझ्याकडं केससकट आलेत म्हणालास, म्हणून लिहितोय. केससकट आता सहसा मिळत नाहीत.

वाळूज_भट्टी
काका, तुमचं दुःख कळतंय. पण झिजलेला टाइप तुम्हीसुद्धा ओतशाळेला परत देत होतातच ना? तो वितळूनच नवा व्हायचा.

जुनाखिळा
हो, देत होतो. झिजलेला, तोंड बसलेला टाइप वितळायलाच जायचा, त्यात नवा धातू घालून पुन्हा खिळा व्हायचा. खिळ्याचा खिळा. त्याला माझी हरकत नाही. म्हणून तर म्हणतो, आधी बघू तरी द्या काय आहे ते. ज्याचं तोंड गेलंय ते खुशाल द्या. ज्याची अक्षरं शाबूत आहेत ती ठेवा.

जिंतूरचा_मास्तर
मी जरा हिशोब मांडतो, कारण मूळ प्रश्न मागंच राहिलाय. जाळं दहा फुटी, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दहा फूट, तेव्हा कडेचा घेर २ × ३.१४ × १० = जवळपास ६३ फूट. दर चार इंचाला एक गोळी धरली तर १८८ गोळ्या. पोराच्या आज्याच्या गोळीचं वजन किती?

पैठणचा_पोर
सोनाराकडं तोलून आणली सर. २० ग्रॅम. अंतरही चार इंचांचंच आहे.

जिंतूरचा_मास्तर
मग एकूण ३ किलो ७६० ग्रॅम. ८५ गोळ्या आहेतच. पाहिजेत १०३, म्हणजे २ किलो ६० ग्रॅम. तुझा केबलचा ढीग तीन किलोचा. मळी आणि सांडलवंड धरूनही पुरतो. मिसळायचा प्रश्नच येत नाही!

आणि खिळ्यांचा धातू घेतला असता तर अजून एक अडचण होती. अँटिमनीचं घनत्व ६.७, कथलाचं ७.३. लायनोटाइपच्या प्रमाणाचा धातू धरला तर घनत्व १०.३ च्या जवळ येतं. त्याच साच्यातली गोळी २० ऐवजी १८ ग्रॅमची झाली असती. अर्ध्या कडेला २० ची आणि अर्ध्या कडेला १८ ची, तर जाळं पडताना एका अंगाला कललं असतं.

मी_परभणीकर
मास्तर, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. साचा एकच, पण धातू बदलला की वजन बदलतं. आमच्याकडं ह्यावरून निशाण वरखाली होतं आणि मी इथं नुसता कडकपणा सांगत बसलो.

पैठणचा_पोर
सगळ्यांचं वाचून काय झालं ते सांगतो. चाकाची वजनं पंक्चरवाल्याला परत दिली. केबलचं आवरण आतल्या डांबरी कागदापासून सोलून, पुसून, दोन दिवस उन्हात वाळवलं. भट्टीकाकांनी फोनवर सांगितलं होतं की रसात पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. म्हणून साचाही आधी निखाऱ्याजवळ तापवला. वावरात, वाऱ्याला पाठ करून, तीन विटांची चूल मांडली. अंगात जुना पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, चामडी मोजे. लेकरांना मामाकडं धाडलं होतं.

पहिल्या सात-आठ गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा पुरता तापला नव्हता. त्या परत भांड्यात टाकल्या. रसावर मेणाचा तुकडा टाकून ढवळलं तशी मळी बाजूला झाली. मग मात्र एकामागं एक निघत गेल्या. तार ओढली की भोक अगदी नितळ. ११० ओतल्या. दहा तोलून बघितल्या, सगळ्या २० च्या आसपास. पहिली नीट निघालेली गोळी आज्याच्या जुन्या गोळीशेजारी ठेवली. जुनी काळपट, नवी चांदीसारखी, आणि साच्याची बारीक खोच दोन्हीवर एकाच जागी.

भोईराज काकांनी सांगितल्या तशा दोन्ही अंगांना गाठी मारल्या. परवा सांजच्याला पहिल्यांदा फेकलं. पहिले चार गठुडं होऊन पडले. पाचवं गोल पडलं, पाण्यावर सगळ्या बाजूनं एकदम आवाज आला. सहा चिलापी आणि एक वीतभर रोहू. रोहू सोडून दिला.

खिळे तसेच आहेत. केस झटकून फोटो टाकतोय. जुनाखिळा काका, बघा.

जुनाखिळा
बघितलं. चष्मा लावून, फोटो मोठा करून बघितलं. वरच्या अंगाचा 'ग्रेट' मापाचा टाइप आहे, मथळ्यांचा. खालचा 'पायका' मापाचा, आणि डिग्री आहे, मात्रा वेगळ्या दिसतायत. ग्रेटची तोंडं चांगली वाटतात. पायक्यात काना आणि अनुस्वार कमी असणार, ते आम्हाला कायम कमी पडायचे.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. चिमटा आणि स्टिक माझी मी आणतो. तू फक्त एक पांढरं धोतर अंथरून ठेव, आणि केसमधली घरं ओल्या फडक्यानं पुसू नकोस, कोरड्या ब्रशनं झाड.